थर्मासभर पाणी, चिमूटभर मीठ

पाणी पिऊन माणूस मरायला टेकतं, असं मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. विष पिऊन, दारू पिऊन, ते ठीक. पण पाणी? तेही उकळलेलं, बाळंतशोपा घातलेलं, आईच्या हातचं?

माझी धाकटी मुलगी आता आठ महिन्यांची आहे, समोर रांगतेय आणि मोबाइलची वायर चघळतेय. मी धडधाकट आहे. तरी अजून कुणी समोर पाण्याचा ग्लास ठेवला की मी तो आधी हळूच लांब सरकवते. हे लिहायला बसले ते एवढ्यासाठीच, की तुमच्यापैकी कुणाचा नववा महिना चालू असेल आणि घरात माझ्या आईसारखी जिवाला जीव देणारी आई असेल, तर तुम्हाला हे माहीत असावं. मला नव्हतं.

मीठ बंद

आम्ही अबू धाबीत खलिफा सिटीला राहतो. नवरा निखिल एसी मेंटेनन्सच्या कंपनीत इंजिनियर आहे, मी एका ऑफिसात एचआरला. थोरली इरा सहा वर्षांची. तिचं बाळंतपण कऱ्हाडला माहेरी झालं होतं. या वेळी इराची शाळा, माझी नोकरी, इन्शुरन्स सगळं बघून इथेच करायचं ठरलं, आणि आई व्हिजिट व्हिसावर आली. आई म्हणजे बालवाडीच्या निवृत्त बाई. चाळीस-चाळीस पोरं हाताच्या बोटांवर मोजून सहलीला नेणारी आणि तेवढीच मोजून परत आणणारी. बॅगेत डिंक, खारीक, हळीव, बाळंतशोपा आणि साडीत गुंडाळलेला एक लिटरचा स्टीलचा थर्मास. मी म्हटलं, "आई, इथे थर्मास मिळतात गं." तर म्हणे, "मिळत असतील. हा माझा सवयीचा आहे."

दारात पाऊल टाकल्या टाकल्या तिने माझे पाय बघितले. जुलै महिना, बाहेर भट्टी पेटलेली, पाय टम्म सुजलेले.

"अगं बाई! हे पाय आहेत की केळीचे खांब? मीठ बंद. आजपासून."

"आई, डॉक्टरांनी काही सांगितलं नाहीये तसं."

"डॉक्टरला काय, ती पंधरा मिनिटं बघते तुला. माझ्या सासूने मला अख्खा नववा महिना अळणी खायला घातला होता. झालं का मला काही?"

मी ऐकलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलंच. तीन वर्षांनी आई घरात होती, कुणीतरी माझ्या ताटाकडे बघत होतं. अळणी आमटी, अळणी भाकरी, अळणी दोडका. निखिल गुपचूप लोणच्याची फोड पुढे करायचा आणि आई त्याच्याकडे असं बघायची की बिचारा ती स्वतःच्या तोंडात टाकायचा.

आणि मीठ बंद तसं पाणी चालू. इथे उन्हाळ्यात जो भेटेल तो एकच सांगतो, पाणी पी. माझ्या फोनमध्ये तर ॲप होतं, दर तासाला टुंग वाजायचं आणि मी ग्लास रिकामा करायची. ठरलेलं पूर्ण झालं की स्क्रीनवर फुगे उडायचे. ते फुगे बघून मला काय अभिमान वाटायचा, विचारू नका.

तपासणीला दोनदा गेले त्या महिन्यात. मीठ सोडल्याचं मी डॉक्टरांना सांगितलंच नाही. सांगायचं काय, शिकलेली बाई मी, आईने मीठ बंद केलंय म्हणून? लाज वाटली. सूज विचारली तर म्हटलं, आहे थोडी.

सात

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी पहाटे कळा सुरू झाल्या. सातला आम्ही हॉस्पिटलमध्ये. इराला शेजारी ठेवलं होतं. लेबर रूममध्ये एका वेळी एकच माणूस चालायचं, म्हणून आई आत आणि निखिल बाहेर खुर्चीवर. दहाच्या सुमारास कळा मंदावल्या, तेव्हा त्या वाढवायचं औषध ड्रिपमधून सुरू केलं.

आईने थर्मास काढला. "पी. कोठा ओला राहिला की बाळ सरसर सरकतं."

आता हसू येतं, पण तेव्हा मला ते शंभर टक्के पटलं होतं. तोंडाला कोरड पडलेली, खायला काही नको वाटत होतं, आणि ते कोमट, शोपेच्या वासाचं पाणी घशाखाली उतरलं की कऱ्हाडचं घर आठवायचं. पहिल्या वेळी आईने हेच तर पाजलं होतं. एक कळ, एक कप. थर्मास संपला की आई कॉरिडॉरच्या टोकाच्या मशीनमधून गरम पाणी भरून आणायची, कनवटीच्या पुडीतली शोपांची चिमूट टाकायची.

आमची सिस्टर केरळची होती, पंचविशीतली, नाव बिंदू. तिने एकदा बघितलं आणि हिंदीत म्हणाली, "अम्मा, इतना नहीं. थोडा थोडा. घूँट घूँट."

आईने मान डोलावली. ती बाहेर गेल्यावर मला म्हणाली, "हिला काय कळतंय, कालची पोर. हिचं लग्न तरी झालंय का?" आणि थर्मास पडद्यामागच्या पिशवीत गेला. सिस्टर बाहेर गेली की कप यायचा, सिस्टर आत आली की कप जायचा. आम्ही दोघी मायलेकी शाळेत चिंचा खाणाऱ्या पोरींसारख्या हसत होतो. सिस्टरने विचारलं, किती प्यायलात, की मी म्हणायची, थोडंसंच.

दुपारी दोन-अडीचला डोकं दुखायला लागलं. कपाळ आतून कुणी ढकलतंय असं. मी म्हटलं, बाळंतपणात काय काय दुखतं, त्यात हे एक. कुणाला बोलले नाही. चारला बाळ झालं. मुलगी. रडली, माझ्या छातीवर ठेवली, आई बाहेर जाऊन निखिलला पेढा भरवून आली. तोवर मला उलटी झाली. मग दुसरी. भिंतीवरच्या घड्याळाची दोन घड्याळं झाली आणि दोन्हींत वेगळी वेळ दिसायला लागली.

सिस्टर बाळाला पुसून, गुंडाळून परत घेऊन आली. मी तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे कुणाचं बाळ?"

सिस्टर आधी हसली. मग हसायची थांबली.

आई म्हणाली, "अगं मुग्धा, असं काय करतेस? तुझीच की गं."

"माझी इरा आहे. ही कुणाची आणलीत?"

हे मी बोलले, असं मला नंतर सांगितलं. मला यातलं एक अक्षर आठवत नाही. त्यानंतरचा दीड दिवस माझ्या आयुष्यात नाहीच. मी तो निखिलच्या तोंडून ऐकलाय.

मी नव्हते तेव्हा

मला झटका आला. डोळे वर, दातखीळ, सगळं अंग ताठ आणि मग थडथड उडायला लागलं. आई किंचाळली. निखिल आत धावला तेव्हा पलंगाभोवती सात-आठ माणसं होती, आणि बाळाला कुणीतरी उचलून बाहेर नेलं होतं. बाळंतिणीला झटका म्हटलं की आधी बीपी बघतात. माझं बीपी चांगलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. रक्त पाठवलं. पंधरा-वीस मिनिटांत लॅबमधून फोन आला. रक्तातलं सोडियम, म्हणजे आपलं मीठच म्हणा, एकशे पस्तीसच्या वर हवं ते एकशे अठरावर आलं होतं.

डॉक्टर सुदानच्या होत्या, उंच, शांत बाई. त्यांनी निखिलला विचारलं, हिने आज किती पाणी प्यायलंय?

निखिल म्हणाला, "नॉर्मल." त्याला काय माहीत, तो बाहेर होता. कागदावरही नॉर्मलच होतं, कारण कागदावर मी सांगितलेलं 'थोडंसंच' होतं.

आई कोपऱ्यात उभी होती. इंग्रजी तिला येत नाही. पण डॉक्टरांनी टेबलावरची पाण्याची बाटली उचलून पुन्हा निखिलपुढे धरली, हाऊ मच, तेव्हा तिला कळलं. तिला कळलं की आपलं लपवलेलंच विचारतायत. निखिल सांगतो, आईचा चेहरा पांढराफटक पडला. ती पडद्यामागे गेली, पिशवीतून थर्मास काढला आणि डॉक्टरांच्या हातात दिला. मग एक पंजा आणि दोन बोटं वर केली.

"सात. मैंने दिया. सात बार. भरके."

"सेव्हन लिटर्स?" डॉक्टरांनी निखिलला विचारलं.

"और नमक नहीं दिया," आई म्हणाली. "एक महिना. नमक मैंने बंद किया."

सिस्टर बिंदूने तोंडावर हात ठेवला म्हणे. डॉक्टरांनी ड्रिप बंद करायला सांगितली आणि मला आयसीयूत हलवलं.

मोजून पाणी

शुद्धीवर आले तेव्हा माझ्या जिभेला चामड्याची चव होती. दाताखाली येऊन ती फाटली होती. निखिल मास्क लावून उभा होता, दाढी वाढलेली. मी त्याला ओळखलं. नाव मात्र येईना. त्याने फोनवर इराला दाखवलं. ती माझी मुलगी आहे हे मला कळत होतं, पण तिलाही हाक काय मारायची ते सापडेना.

"मम्मा? इट्स मी."

"हो गं..." पुढे काही नाही.

"पप्पा, शी फरगॉट माय नेम," असं म्हणून तिने भोकाड पसरलं. त्या क्षणी मी जेवढी घाबरले तेवढी आयुष्यात कधी घाबरले नाही. मरण परवडलं. पण पोरीचं नाव डोक्यातून जाणं? आता मी अशीच राहणार का? नवऱ्याला अहो म्हणू की अरे, हेही न कळणारी बाई?

नाव तासाभराने आलं, आपसूक. मी इतक्या मोठ्याने ओरडले, "इरा!", की पलीकडच्या पेशंटची सिस्टर धावत आली.

आयसीयूत मला मिठाचं दाट पाणी शिरेतून देत होते, अगदी बेताबेताने. घाईने चढवलं तर मेंदूला वेगळीच इजा होते, असं डॉक्टरांनी समजावलं. दर काही तासांनी रक्त. दोन्ही हात काळेनिळे. आणि प्यायला पाणी मोजून, औषधाच्या इवल्याशा कपातून. सात लिटर रिचवणारी मी त्या कपाचा तळ चाटत होते.

बाळ कुठेय, हे मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा निखिलने सांगितलं. तिच्याही रक्तात सोडियम कमी होतं. मी प्यायले ते तिनेही प्यायलं होतं. ती नर्सरीत होती, पायाला वायर लावून. दोन दिवसांचं पोर! मी रडायला लागले तर मॉनिटर टीं टीं करायला लागला. सिस्टर बिंदू, तिची ड्यूटी आयसीयूत नव्हती, तरी ती मुद्दाम वर आली आणि स्वतःच्या फोनवर बाळाचा व्हिडिओ दाखवला. जांभई देत होती. "देखो दीदी, कितना आलसी है," ती म्हणाली. तिचं लग्न झालेलं होतं आणि तिला दोन वर्षांचा मुलगा होता, हे मला तेव्हा समजलं.

मी आईला काय बोलले

चौथ्या दिवशी मला वॉर्डात आणलं, बाळ कुशीत दिलं. ती बरी होती, दूध ओढत होती. तेव्हा निखिलने थर्मासची सगळी हकिगत सांगितली. आई पायथ्याशी उभी होती.

माझं टाळकंच सरकलं. मी शेजारच्या पलंगावरची बाई, तिची सासू, कुणाकुणाची पर्वा केली नाही. "तू माझं बाळंतपण करायला आली होतीस की मला मारायला? सिस्टर सांगत होती ना! पोरीला पण मारलं असतंस!"

निखिल म्हणाला, "मुग्धा, बास." आईने साडीचा पदर खोचला, बाळाचे लंगोट गोळा केले आणि धुवायला गेली.

आता माझी बाजू काय होती? कप आईने भरले, पण 'थोडंसंच' हे खोटं माझ्या तोंडातून गेलं होतं. ॲपचे फुगे माझे होते. डॉक्टरांपासून मीठ मी लपवलं होतं. घरी सोडताना डॉक्टरांनी हेच सांगितलं, की पाणी, मीठ आणि कळांचं औषध तिन्ही एकत्र आलं, ते औषधही शरीरात पाणी धरून ठेवतं, एकट्या कुणाचा दोष नाही. आणि आईकडे बघून म्हणाल्या, या आजींनी आकडा सांगितला म्हणून आमचा वेळ वाचला, नाहीतर आम्ही भलतंच शोधत बसलो असतो. निखिलने मराठीत सांगितलं. आईने मान डोलावली, जशी सिस्टरपुढे डोलावली होती तशी.

मी तेव्हाच माफी मागायला हवी होती. नाही मागितली. अहंकार, दुसरं काय.

म्हणून सांगते पोरींनो, आजीचं, आईचं, सासूचं ऐका, पण डॉक्टरला लाजू नका. मीठ सोडलंय तर सोडलंय म्हणून सांगा. कळांच्या वेळी किती प्यायलं ते सिस्टरला खरं सांगा, आणि ती थोडं थोडं म्हणाली तर थोडं थोडंच प्या. डोकं दुखतंय, मळमळतंय, काहीतरी वेगळंच वाटतंय, तर बाळंतपणात असंच असतं म्हणून गिळून टाकू नका. ओरडा. आगाऊ म्हणाले तर म्हणू देत.

बाराव्या दिवसाच्या आधी

घरी आल्यावर आईने सगळं केलं. बाळाचं न्हाणं, माझं मालिश, इराची वेणी. पण माझ्या हातात तिने एकदाही कप दिला नाही. जेवणाचं ताट टेबलावर ठेवायची आणि बाजूला व्हायची. माझं मीठ डॉक्टरांनी सांगितलं तसं निखिलने घालायचं. ती मिठाच्या बरणीला हात लावायची नाही. थर्मास कुठे गेला ते मी विचारलं नाही. निखिलला तिने हळूच विचारलं होतं म्हणे, तिकीट अलीकडचं मिळेल का.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी मी बाळाला झोपवून स्वयंपाकघरात गेले. आई ओट्याला टेकून खाली बसली होती, डोळे मिटून. पुढ्यात वरणभाताचं ताट.

"आई, काय झालं?"

"काही नाही. जरा गरगरलं. उन्हाचं."

"तू बाहेर कुठे गेलीस उन्हात? घरात एसी आहे."

तिने ताट जरा मागे सरकवलं. मला काय वाटलं कोण जाणे, मी तिच्या ताटातला एक घास उचलून तोंडात टाकला. अळणी. वरण अळणी, भात अळणी, भाजी अळणी.

"आई! हे काय?"

"तू तिकडं आत होतीस ना, तेव्हा देवीला बोलले. माझी पोर घरी येऊन बारसं होऊ दे, तोवर मीठ तोंडात घालणार नाही."

मी तिच्या समोर खाली बसले. नऊ-दहा दिवस. माझ्या अंगातलं मीठ कमी झालं म्हणून या बाईने स्वतःचं मीठ सोडलं होतं!

"आणि पाणी?" मी विचारलं. "पाणी किती पितेस?"

"पिते की. इथं तहान फार लागते बाई."

"किती, आई?"

आईने खालच्या कपाटाकडे बघितलं. तिथे दार अर्धवट उघडं होतं आणि आत थर्मास होता. मग तिने बोटं वर केली. तीन. दुपारचे बारा वाजले होते फक्त.

मला आधी हसू फुटलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. मी हसतेय की रडतेय ते आईला कळेना. ती घाबरून म्हणाली, "मुग्धा, डोकं दुखतंय का? निखिलरावांना बोलावू?"

"माझं काही दुखत नाही. आई, मी तुला नको ते बोलले. मला मारायला आलीस असं बोलले. मला माफ कर."

"असू दे गं. खरंच होतं ते."

"खरं नव्हतं. तू सात म्हणालीस म्हणून मी इथे बसलेय."

मग ती रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, पदर तोंडात कोंबून, बाळ उठू नये म्हणून. मी निखिलला फोन लावला, आणि तासाभरात तो येऊन तिला क्लिनिकमध्ये घेऊन गेला. तिचंही सोडियम जरा खाली होतं, फार नाही. पण ते नंतरचं. त्याआधी मी उठून मिठाची बरणी काढली, चिमूट घेतली आणि तिच्या भातावर धरली.

तिने माझा हात धरला. "अगं थांब. नवस मोडू नये. उद्यावर आलंय बारसं."

"मोडू दे. देवीला मी सांगते काय सांगायचं ते. तीही लेकीची आईच आहे, तिला कळेल."

मीठ पडलं. मी कालवलं, घास केला आणि तिच्या तोंडाशी नेला. आईने माझ्याकडे बघितलं, आ केला, आणि डोळे पुसत चावत राहिली.

"कसं झालंय?" मी विचारलं.

"जरा खारटच झालंय गं," आई म्हणाली, आणि दुसऱ्या घासाला पुन्हा आ केला.